घोड्यामागची होडी

पॉटर्स कोव्ह, मेन
१४ ऑक्टोबर १९७९

प्रिय मॅव्हिस मावशी,

पार्सल मिळालं. वाढदिवस होऊन आठवडा उलटला, पण तुझी भेट वेळेवर आली असती तर मलाच काळजी वाटली असती. पत्ते गुंडाळलेल्या रुमालाला अजून तुझ्या दुकानाचा वास येतोय, अर्धा उदबत्तीचा आणि अर्धा शेजारच्या टॉफीवाल्याचा. आणि टॅरोचे पत्ते किती मऊ झालेत गं! इतकी वर्षं ‘मादाम सेराफिना’ बनून भविष्य सांगणाऱ्या तुझ्या बोटांतून फिरलेला जोड माझ्या हातात शोभतो का, देव जाणे. तुझी बोटं एवढी दुखतात का, की तो देऊन टाकावा लागला? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.

मी रुमाल सोडत होते तेव्हा हेस्टर मागे उभी होती. “सैतानाचं पुस्तक सुटं करून पाठवलंय तुझ्या मावशीने,” म्हणाली, आणि जेवणाच्या टेबलावर हे ठेवायचं नाही असं बजावलं. माझ्या सासूचा स्वभाव तुला ठाऊक आहे. टेबलावर ताटं तीन आणि जेवणाऱ्या बायका दोन, हे तिला चालतं. माझ्या रॉयसचे गमबूट अजून शेगडीपाशी सुकत ठेवलेले असतात, तेही चालतं. पत्ते मात्र चालत नाहीत. म्हणून मी खिडकीपाशी उभी राहून पान काढते.

इकडे सगळं तसंच. होडी अंगणात टेकणांवर आहे. रॉयसचा चुलतभाऊ एल्वूड येता-जाता आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. इंजिन चालू, आत रॉयस नाही आणि ती भर समुद्रात एकटीच गोल गोल फिरतेय, हे सगळ्यांत आधी त्यानेच पाहिलं होतं ना. तिसरा हिवाळा येतोय. वकील म्हणतो, एक सही कर, म्हणजे कागदोपत्री विधवा होशील. हेस्टर म्हणते, सही करणारीचा हात झडेल. आणि पाद्री अजून दर रविवारी ‘समुद्रावर असलेल्यांसाठी’च्या प्रार्थनेत रॉयसचं नाव घेतो. तेव्हा सगळं चर्च मान खाली घालतं आणि माझ्याकडे बघायचं टाळतं.

आता कामाचं. तू सांगितलंस तसं मी रोज सकाळी मनात एक प्रश्न धरते, पत्ते पिसते, डाव्या हाताने काटते आणि वरचं पान उलटते. सोमवारपासून एकच पान येतंय. तेरा नंबर. काळं चिलखत घातलेला सांगाडा, पांढरा घोडा, खाली पडलेला राजा. आज मी मुद्दाम दोनदा पिसले, तरी तेच. याचा अर्थ काय घ्यायचा ते सविस्तर लिही. आणि बोटांचंही लिही, टाळू नकोस.

तुझी,
कॉरलिस


सँडी इनलेट, न्यू जर्सी
२२ ऑक्टोबर १९७९

कॉरलिस पोरी,

आधी श्वास सोड. सोडलास? आता ऐक.

ते पान मरणाचं नाही. हे मी तुझी समजूत काढायला सांगत नाही, हे धंद्यातलं पहिलं वाक्य आहे. मला शिकवणाऱ्या ऑगस्टा ड्रम बाईंनी पहिल्याच दिवशी शपथ घ्यायला लावली होती: गिऱ्हाइकासमोर तो शब्द काढायचा नाही, कधीही नाही. तेरा नंबर म्हणजे काहीतरी संपणं आणि त्यानंतर दुसरं सुरू होणं. चित्रात मागे बघ, दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य आहे. तो मावळतोय की उगवतोय हे चित्रकाराने सांगितलेलं नाही. आपण म्हणायचं, उगवतोय. साप कात टाकतो ना, तसं. खरं सांगायचं तर माझा स्वतःचा या पानाशी कधी फारसा संबंध आला नाही, पण शिकलेलं विसरले नाही.

तेव्हा तुझ्या अंगाला जे जुनं चिकटून बसलंय ते टाक. केस काप, पडदे बदल, नोकरी बदल. पान रोज येतंय याचा अर्थ पत्ते तुझ्या मागे लागलेत. अशा वेळी त्यांना काहीतरी दिल्याशिवाय ते गप्प बसत नाहीत. आणि तू तर अंगणात, स्वयंपाकघरात, डोक्यावर, सगळीकडे जुनंच घेऊन बसली आहेस. वाईट वाटून घेऊ नकोस. मावशीने नाही बोलायचं तर कोणी?

बोटांचं म्हणशील तर जुना जोड हातातून निसटायला लागला होता, बाकी काही नाही. नवा मोठ्या आकाराचा घेतलाय. पुठ्ठ्यासारखा कडक आहे, पण धरता तरी येतो. मी हळूहळू पिसते तेव्हा गिऱ्हाइकांना वाटतं, मादाम सेराफिना परलोकाशी बोलतेय. मी मनातल्या मनात शिव्या घालत असते.

हेस्टरला सांग, सैतानाला एवढं नीट रुमालात गुंडाळता येत नाही.

तुझी,
मावशी


पॉटर्स कोव्ह
९ नोव्हेंबर १९७९

प्रिय मावशी,

केस कापले. सार्डिनच्या कारखान्यात ज्या कात्रीने माशांची मुंडकी आणि शेपट्या उडवते, त्याच कात्रीने, जेवणाच्या सुट्टीत. पट्ट्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पर्ल म्हणाली, “आता तुला डब्यात भरायला हरकत नाही.” घरी आले तर हेस्टरने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“रॉयस ओळखणार नाही तुला,” म्हणाली.

“ओळखेल,” मी म्हटलं.

मी असं का म्हटलं ते मला कळलं नाही. तोंडातून निघून गेलं, आणि रात्रभर मी त्या एका शब्दाशी भांडत पडले.

पडदेही बदलले. पान बदललं नाही. रोज तेच.

मावशी, एक विचारायचंय. तू सूर्य दाखवलास म्हणून मी चित्र नीट पाहिलं. घोड्याच्या मागे नदी आहे आणि नदीवर एक होडी आहे, नखाएवढी. तुझ्या कधी लक्षात आली होती का? मी हेस्टरचं भिंग लावून पाहिलं. आत माणूस दिसत नाही. तिचा अर्थ काय?

हात सारखे काहीतरी करायला मागतात. कारखाना सुटला की मी सरळ घरी येत नाही, टोकावरच्या खडकांपर्यंत चालत जाते आणि परत येते. परत आल्यावर बसवत नाही. हेस्टर म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय.

लवकर लिही.

कॉरलिस


सँडी इनलेट
२० नोव्हेंबर १९७९

पोरी,

शाब्बास! केसांचा फोटो पाठव.

नदी म्हणजे प्रवाह, होडी म्हणजे प्रवास. यात घाबरण्यासारखं काय आहे? उलट तू कुठेतरी जाणार असं दिसतंय. पाय उगाच वळवळत नाहीत. माझं ऐक, ती कात्री सोड. माशाच्या वासात आयुष्य काढायला काय तू मांजर आहेस? दुसरं काम बघ. स्वयंपाकघराला रंग दे, पिवळा दे. माझ्या एका गिऱ्हाइकाने पिवळा रंग दिला आणि दोन महिन्यांत तिला सांताक्लॉजसारख्या दाढीचा नवरा मिळाला. तुला तसला नको असेल तर फिकट पिवळा दे.

इथे किनाऱ्यावरच्या लाकडी रस्त्यावर सध्या कुत्रंही फिरकत नाही. टॉफीवाला आणि मी दिवसभर पत्ते खेळतो, साधे, पैजेचे. तो लबाड आहे.

मावशी


पॉटर्स कोव्ह
६ जानेवारी १९८०

प्रिय मावशी,

तुझ्या सगळ्या आज्ञा पाळल्या. त्याचा हिशेब देते, म्हणजे पुढच्या पत्रात नवीन काहीतरी सांगशील.

कारखाना सोडला. आता शाळेच्या स्वयंपाकघरात आहे, मुलांना मॅकरोनी वाढते. त्यांना माझं आडनाव माहीत आहे, म्हणून ती जास्त मागत नाहीत आणि माझ्याशी दंगा करत नाहीत. शाळेतली दंगेखोर मुलंसुद्धा माझ्यासमोर शहाण्यासारखी वागतात. मला ते सहन होत नाही.

स्वयंपाकघर पिवळं केलं. हेस्टर दोन दिवस त्यात आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि रॉयसची खुर्ची जिथे भिंतीला टेकते तिथला रंग तिने सुरीने खरवडून काढला. आत जुना हिरवा होता. “एवढा तरी त्याच्या ओळखीचा राहू दे,” म्हणाली. मी सुरी हिसकावली. मावशी, मी त्या म्हातारीच्या हातातून सुरी हिसकावली आणि ओरडले, “कोणासाठी? कोणासाठी राहू दे?” ती म्हणाली, “तू सांग ना, कोणासाठी.” हिरवा चट्टा अजून तसाच आहे.

ख्रिसमसला तीन ताटं मांडली. एल्वूड पाय घेऊन आला होता, डुकराचा, भाजलेला. तो बसला आणि तिसरं ताट बघून उठला. ओट्याशी उभ्याने जेवला. जाताना दारात टोपी हातात फिरवत म्हणाला, “कॉरलिस, होडी अशीच राहिली तर कुजेल. मी घेतो. किंमत तू सांग.” मी म्हटलं, माझी नाही, रॉयसची आहे, त्याला विचार. आणि मग इतकी हसले की मलाच भीती वाटली. एल्वूड हसला नाही. म्हणाला, “थंडी वाढणार आहे म्हणतात.” आणि गेला.

पान तेच. आज सकाळीही तेच.

आता माझ्याकडे टाकण्यासारखं काही उरलेलं नाही. कात टाकून टाकून साप उघडा पडला. तेव्हा बाकीचं राहू दे, मला फक्त एवढं लिही: त्या पानाचा अर्थ काय? केस नको, रंग नको. अर्थ.

कॉरलिस


सँडी इनलेट
१९ जानेवारी १९८०

कॉरलिस,

तुझं पत्र वाचून मन लागेना. अगं, पत्ते म्हणजे काय शब्दकोश आहे? एका पानाचा एक अर्थ नसतो. परिवर्तन म्हण, नवं वळण म्हण. जे संपायचं ते संपतं आणि जागा मोकळी होते. यापलीकडे मी काय लिहू?

तू इकडे ये. उन्हाळा सुरू होईपर्यंत माझ्याकडे राहा. मागची खोली रिकामी आहे, समुद्र दिसत नाही, बरंच आहे. दुकानात बस, गल्ला सांभाळ. हेस्टरला एल्वूड बघेल. तुझं डोकं त्या घरात फिरायला लागलंय आणि त्याला औषध एकच, हवापालट.

आज बोटं फार ठणकतात, म्हणून थांबते.

मावशी


पॉटर्स कोव्ह
३ फेब्रुवारी १९८०

मावशी,

तिकडे येऊन काय करू? तूही मला सूर्य दाखवशील.

इथे बंदर गोठलंय. एल्वूड कुऱ्हाडीने होड्यांभोवतीचा बर्फ फोडतो. त्याचा आवाज घरापर्यंत येतो. पान तेच.

सांगण्यासारखं काही नसेल तर उत्तर लिहू नकोस. मी रागावलेली नाही. नाही, खोटं कशाला लिहू, रागावले आहे.

कॉरलिस


सँडी इनलेट
२ मार्च १९८०

कॉरलिस, कॉरलिस, कॉरलिस!

महिनाभर तुला काय लिहू याचा विचार करत होते, आणि काल उजेड पडला. अशी हसले की टॉफीवाला धावत आला.

उन्हाळ्याच्या तयारीला लागले होते. नवा जोड हातात घेतला आणि हिवाळ्यात गिऱ्हाइकं तुरळक म्हणून आत राहू दिलेलं तेरा नंबरचं पान नेहमीप्रमाणे बाजूला काढलं. हो, मी काढून ठेवते. या रस्त्यावरचे आम्ही सगळेच काढतो. लोक सुट्टीवर आलेले असतात, एका हातात आइस्क्रीम, दुसऱ्या हातात पोर. त्यांच्यापुढे सांगाडा कशाला नाचवायचा? नव्याने दुकान थाटलं तेव्हा दोन-तीन बाया रडत बाहेर गेल्या आणि त्यांना बघून रांगेतले चौघं पळाले. ऑगस्टा बाई म्हणाल्या, “शपथ पाळणं जड जात असेल तर पानच काढून टाक.” त्याच उन्हाळ्यात काढलं आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवलं.

तर काल नवं पान त्या डब्यात टाकायला गेले आणि डबा रिकामा! मग आठवलं. तुला जोड पाठवताना म्हटलं, भेट अर्धवट द्यायची नाही, म्हणून ते पान मीच परत घातलं होतं. समजलं का? बाकीची सगळी पानं माझ्या हाताखाली चिंध्या झालेली, आणि हे एकटं इतकी वर्षं डब्यात पडून कोरं करकरीत राहिलेलं. मऊ पत्त्यांत एक कडक असला की जोड काटताना तिथेच उघडतो. टॉफीवाला म्हणाला, जुगारी लोक मुद्दाम असं पान घालतात. (आणि मग तो माझ्याशी कसा जिंकतो तेही कळलं.)

म्हणजे नशीब नाही, संकेत नाही, कोणी तुझ्या मागे लागलेलं नाही. नुसता पुठ्ठा! तू पुठ्ठ्यापायी केस कापलेस, नोकरी सोडलीस आणि स्वयंपाकघर पिवळं केलंस. त्यातलं काही वाईट झालं असं मी म्हणणार नाही. आता ते पान काढ, शेगडीत टाक आणि सुखाने राहा. मला तर डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालंय.

तुझी मूर्ख
मावशी


पॉटर्स कोव्ह
११ मार्च १९८०

प्रिय मावशी,

ते पान कडक आहे हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

तुझ्या लक्षात कसं आलं नाही? मी सार्डिनच्या पट्ट्यावर उभी राहायची. नजर बोलणाऱ्या बाईकडे, आणि मासा अंगठ्याने चाचपायचा, कुठे कात्री घालायची ते अंगठा सांगतो. त्या अंगठ्याला मऊ पत्त्यांतलं एक कोरं पान कळणार नाही? सुरुवातीला ते आपोआप आलं, हे खरं. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मी खरंच घाबरले होते. पण त्यानंतर ते आलं नाही मावशी, मी ते आणलं. रोज सकाळी खिडकीपाशी अंगठ्याने शोधायची, सापडलं की तिथे काटायची, आणि उलटून बघायची, जणू काही मला माहीतच नव्हतं.

का, ते आता लिहून टाकते.

गिऱ्हाईक बसलं की सगळ्यांत आधी त्याचा प्रश्न विचारायचा, हे तूच मला शिकवलंस. तू मला एकदाही विचारलं नाहीस. ऑक्टोबरपासून पत्रांमागून पत्रं आली, त्यांत केस आहेत, पडदे आहेत, दाढीवाला नवरा आहे. ‘कॉरलिस, तू मनात कुठला प्रश्न धरतेस?’ हे कुठेच नाही.

मी रोज एकच विचारत होते. रॉयस मेला का?

अख्ख्या जोडात ते एकच पान असं आहे की त्यावर हे स्वच्छ काढलेलं आहे. राजा खाली पडलाय, त्याचा मुकुट बाजूला गेलाय, मागे रिकामी होडी. लहान मुलालाही कळेल. आणि तू म्हणतेस, हे पान मरणाचं नाही. हेस्टर ताट मांडते. पाद्री म्हणतो, समुद्रावर आहे. वकील म्हणतो, कायद्याने तसं मानता येईल. एल्वूड टोपी फिरवतो आणि हवामानाबद्दल बोलतो. या गावात, या जगात, तो एक शब्द माझ्या तोंडावर बोलणारा एकही माणूस नाही. मी एकटीने म्हटला तर मीच त्याला मारल्यासारखं होतं. हेस्टर माझ्याकडे तसंच बघेल. मीही आरशात तसंच बघेन. मला कोणीतरी आधी म्हणायला हवं होतं. वाटलं, ज्या बाईचा हा धंदाच आहे ती तरी म्हणेल. म्हणून मी तेच पान तुझ्यापुढे पुन्हा पुन्हा ठेवत होते.

आणि तू म्हणतेस नुसता पुठ्ठा, शेगडीत टाक.

मी दमले गं. बायको म्हणून दमले आणि विधवा व्हायला मला कोणी देत नाही. आता तरी सांगशील का, ते मला माहीत नाही.

कॉरलिस


सँडी इनलेट
१७ मार्च १९८०

कॉरलिस,

हे मॅव्हिस लिहितेय. सेराफिनाला दुकानात कुलूप लावून आले.

मी तुझा प्रश्न विचारला नाही, कारण तो मला माहीत होता.

रॉयस मेला.

पत्त्यांनी सांगितलं म्हणून नाही. मी आज पत्त्यांना हात लावलेला नाही. होडी रिकामी होती आणि इंजिन चालू होतं. त्या दिवसांतलं तुमचं पाणी मी पाहिलंय, त्यात हात बुडवला तर बोटं आपली वाटत नाहीत. आणि त्याला पोहता येत नव्हतं. तुमच्याकडे कोणी शिकतच नाही, उगाच मरण लांबतं म्हणतात. शेवंडांच्या सापळ्याच्या दोरीत पाय अडकला असेल, नाहीतर तोल गेला असेल. तो त्याच दिवशी मेला, तू दुपारच्या जेवणाला त्याची वाट बघायला लागलीस त्याच्याही आधी. तू काहीही केलं असतंस तरी तो वाचला नसता, आणि आता तू काहीही म्हटलंस तरी तो पुन्हा मरणार नाही.

म्हणजे हे तू म्हटलेलं नाहीस. मी म्हटलंय. हेस्टरला वाचून दाखव. तिला कोणाचा तरी राग करायचाच असेल तर माझा करू दे, जर्सी लांब आहे.

मला तो आवडायचा. शेवंड कशी फोडायची ते त्याने मला तुमच्या लग्नात शिकवलं होतं आणि माझा चांगला झगा खराब केला होता. त्याच्यासाठी मी आज रडले. आधी कधी रडले नव्हते. तू रडत नव्हतीस, मग मी कशी रडणार?

मावशी


पॉटर्स कोव्ह
२१ एप्रिल १९८०

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. इथे बरंच काही झालं.

तुझं पत्र मी हेस्टरला वाचून दाखवलं. ती बटाटे सोलत होती. ‘रॉयस मेला’ हे वाक्य मला दोनदा वाचावं लागलं.

“कोण म्हणतं?” ती म्हणाली.

“मॅव्हिस मावशी.”

“पत्त्यांतून?”

“नाही. पत्त्यांशिवाय.”

तिने हात पुसले, पत्र माझ्याकडून घेतलं आणि उभ्याने स्वतः वाचलं. मग म्हणाली, “दोरीत पाय अडकला असेल हे तिला कसं सुचलं? तिचा नवरा तर विमा विकायचा.” आणि पुन्हा बटाटे सोलायला बसली. संध्याकाळी तीन ताटं मांडली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी मिठापुरतंही बोलली नाही, आणि मला वाटलं, झालं, आता हे घर असंच राहणार.

परवा बर्फ वितळून सगळा रस्ता चिखल झाला होता. तुला आठवतंय ना इथला एप्रिल, गाडीचं चाकसुद्धा बुडतं. सकाळी मी खिडकीपाशी होते. हेस्टर आतून आली, शेगडीपाशी बसली, दोन मोज्यांवर आणखी दोन मोजे चढवले आणि रॉयसचे बूट पायांत घातले. मी बघतच राहिले.

“काय बघतेस? चिखल आहे,” ती म्हणाली. “बूट बुटांसारखे वापरायचे असतात.”

“कुठे निघालात?”

“पाद्र्याकडे. मी त्याची आई आहे. हे सांगायला मीच जायला हवं.”

ती गेली. ते बूट तिला इतके मोठे होते की पावलागणिक चिखलात अडकत होते. मी मागून जायला निघाले तर वळून म्हणाली, “तू थांब.” मी फाटकाशी थांबले. एल्वूड समोरून येत होता. त्याने ते बूट पाहिले, टोपी काढली, आणि पहिल्यांदाच हवामानाबद्दल काही बोलला नाही.

काल रविवारी समुद्रावर असलेल्यांसाठीची प्रार्थना झाली आणि तिच्यात रॉयसचं नाव नव्हतं. मावशी, ती जागा रिकामी गेली. मग दिवंगतांसाठीची आली आणि पाद्री म्हणाला, “रॉयस एडगर बील.” मी रडले. हुंदके देऊन, मोठ्याने, चर्चमध्ये बरं दिसत नाही तसं. पर्लने मागून माझी मान धरून ठेवली. सगळं चर्च वळून माझ्याकडे बघत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याकडे बघत होते. हेस्टर सरळ समोर बघत बसली होती, पण तिने माझा हात असा आवळला होता की आज बोटं दुखतायत. तुझी कशी दुखत असतील ते थोडंसं कळलं.

दुपारी मी दोन ताटं मांडली. तिने दोन्हींत बटाटे वाढले.

बुधवारी वकिलाकडे जाणार आहे. होडी एल्वूड नेणार. रॉयसच्या सापळ्यांवर तरंगणाऱ्या बोयांचे त्याचे खास रंग, पांढऱ्यावर केशरी पट्टा, ते मात्र हेस्टर कोणाला देणार नाही म्हणते. यावर मी वाद घालणार नाही. हिरवा चट्टाही राहू दे म्हटलंय. पुढचं काय ते मला माहीत नाही. पाय अजून वळवळतात, पण आता ते कुठे नेतात ते बघावंसं वाटतंय.

आणि पत्ते. आज सकाळी नेहमीप्रमाणे खिडकीपाशी उभी राहिले, अंगठ्याने शोधलं आणि ते सापडलं नाही. पुन्हा पिसले, पुन्हा शोधलं. नाहीच. मग सगळी पानं एकेक करून पाहिली. होतं, तिथेच होतं. हिवाळाभर मी ते इतक्या वेळा काढलंय, ओल्या हातांनी, पिठाच्या हातांनी, की आता तेही बाकीच्यांसारखंच मऊ झालंय. जोड पुन्हा नीट लावला, डोळे मिटून काटला आणि पान उलटलं.

हेस्टर ओट्याशी कॉफी करत होती. माझ्याकडे पाठ होती.

“आज काय आलं?” तिने विचारलं. या घरात हे तिने कधी विचारलं नव्हतं.

“दुसरं,” मी म्हटलं.

“मग बस की,” ती म्हणाली. “आणि ते टेबलावर ठेव. खिडकीत दमट होतं.”

तुझी,
कॉरलिस